एवढासा गोचीड

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी वर्धापनदिनाला आपल्याकडे कोणी वकीलबाई येतात, कोणी डॉक्टरीणबाई येतात, आणि आपण सगळ्याजणी हातावर हात ठेवून ऐकतो. यंदा चिटणीसबाईंनी आग्रह धरला की, आपल्यातल्याच एकीने उभे राहून चार शब्द बोलावे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. सगळे आयुष्य चूल, शेत आणि गोठा यांत गेले. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा माझ्याकडून कोणी धरू नये. पण गोठ्यातल्या गोष्टीविषयी गोठ्यात राबणारीने बोलू नये, तर मग कोणी बोलावे? म्हणून मी आजचा विषय निवडला आहे तो गोचिडाचा.

पाहा, हसलात ना! मला ठाऊक होते. गोचीड हा काय सभेत बोलण्याचा विषय आहे? आपल्या बोलण्यात तो येतो तो दुसऱ्याला टोमणा मारण्यापुरता. सावकार गोचिडासारखा चिकटला, पाहुणा गोचिडासारखा चिकटला, असे आपण म्हणतो. कीर्तनातही त्याचा दृष्टांत येतो. गाईच्या सडाला चिकटून राहतो, पण दूध सोडून रक्तच पितो, असा तो करंटा. इतका तो आपल्या ओळखीचा आहे, आणि ओळखीचा आहे म्हणूनच त्याची भीती कोणाला वाटत नाही. साप दिसला की घर गोळा होते. विंचू दिसला की चप्पल निघते. गोचीड दिसला की आपण तो नखात धरतो, चिरडतो, पदराला हात पुसतो आणि भाकरी थापायला बसतो. आज माझे सांगणे आहे ते या एवढ्याशा गोष्टीविषयीच.

प्रथम हा प्राणी कोण आहे ते पाहू. गोचीड हा किडा आहे असे आपण म्हणतो, परंतु किड्याला पाय सहा असतात आणि मोठ्या गोचिडाला आठ. तो कोळी-विंचवाच्या भावकीतला. अंड्यातून निघालेले बारीक पिल्लू सहा पायांचे असते, खसखशीच्या दाण्याएवढे. ते कोणाचे तरी रक्त पिते, कात टाकते, मग आठ पायांचे होते, पुन्हा रक्त पिते, पुन्हा कात टाकते, तेव्हा कुठे पुरा गोचीड होतो. मादी रक्त पिऊन एरंडाच्या बीसारखी टम्म फुगते, जनावरावरून खाली गळून पडते, आणि भिंतीच्या फटीत, दगडाखाली, गव्हाणीच्या कोपऱ्यात जाऊन अंडी घालते. गाईच्या अंगावरची एक मादी दोन-तीन हजार अंडी घालते. म्हणजे आपण गाईच्या अंगावरचे दहा गोचीड वेचून काढले आणि फुगलेली एक मादी फटीत निसटली, तरी आपली सगळी मेहनत वाया गेली म्हणून समजा.

गोचिडाला पंख नाहीत आणि त्याला उडीही मारता येत नाही. गवताच्या पात्यावर किंवा पाचोळ्यात तो वाट बघत बसतो. जनावर किंवा माणूस घासून गेले, की पुढचे पाय लांब करून धरतो. मग अंगावर चालत चालत ऊबदार, झाकलेली, मऊ कातडीची जागा शोधतो. तो चावतो तेव्हा कळतही नाही, कारण त्याच्या लाळेत कातडी बधिर करणारा अंश असतो. मुंगी चावली तर आपण ओरडतो, पण गोचीड दोन दिवस अंगाला असला तरी पत्ता लागत नाही. धोका आहे तो इथे. एका जनावराच्या किंवा उंदराच्या रक्तातले रोगाचे जंतू त्याच्या पोटात गेलेले असले, तर दुसऱ्याला चावताना लाळेबरोबर ते त्याच्या रक्तात उतरतात.

आता कोणी म्हणेल, बाई, आमच्या आजीच्या काळापासून गोचीड चावत आले, कोणाला काय झाले? हा प्रश्न बरोबर आहे, आणि त्याचे उत्तर प्रामाणिकपणे दिले पाहिजे. चावणाऱ्या बहुतेक गोचिडांपासून खाजेपलीकडे काही होत नाही. मी तुम्हांला घाबरवायला उभी राहिलेली नाही. पण ज्या थोड्या चाव्यांपासून ताप येतो, तो ताप साधा नसतो, आणि वेळेवर ओळखला नाही तर जिवावर बेततो. त्याची खरी उदाहरणे आपल्या महाराष्ट्रातच आहेत.

सिंधुदुर्ग जिल्ह्यात दोडामार्ग तालुका आहे. तिथल्या केर गावात आणि आसपास २०१६ सालच्या सुरुवातीला लोकांना एकाएकी जोराचा ताप येऊ लागला. डोके ठणकायचे, अंग मोडून यायचे, उलट्या व्हायच्या, काहींच्या हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त यायचे. त्याच सुमारास रानात माकडे मरून पडलेली आढळली. तपासणीत निघाला तो माकडताप. पुढच्या वर्षी सावंतवाडी तालुक्यात बांद्याच्या बाजूलाही तो पसरला. त्याच्या आदल्या वर्षी, २०१५ साली, गोव्यात सत्तरी तालुक्यातल्या पाळी गावात काजूच्या बागांत काम करणाऱ्या माणसांना हाच आजार झाला होता. काजूच्या झाडाखाली पाचोळ्यात वाकून बिया वेचायच्या हे त्यांचे काम, आणि गोचीड बसतो तो पाचोळ्यातच.

या आजाराचे मूळ सापडले ते १९५७ साली, तेव्हाच्या म्हैसूर राज्यातल्या शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूर नावाच्या जंगलात. आणि तो शोधला कोणी? आपल्या पुण्याच्या संस्थेने. १९५२ साली पुण्यात विषाणू संशोधन केंद्र स्थापन झाले होते, तेच पुढे १९७८ पासून राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणून ओळखले जाऊ लागले. करोनाच्या काळात आपण हे नाव रोज ऐकत होतो. या केंद्रातली माणसे क्यासनूरला गेली. माकडे मरत आहेत आणि पाठोपाठ माणसे आजारी पडत आहेत हे पाहून, आफ्रिकेतला पीतज्वर तर इकडे आला नाही ना, अशी आधी शंका होती. शोध घेता घेता निराळाच विषाणू निघाला आणि तो पसरवणारा रानातला गोचीड निघाला. त्या जंगलावरूनच आजाराला क्यासनूर फॉरेस्ट डिसीज हे नाव पडले. आपण त्याला माकडताप म्हणतो, पण यात माकडाचा काही अपराध नाही. ते बिचारे आपल्याआधी मरते. माकड मेले की त्याच्या अंगावरचे गोचीड खाली उतरतात आणि दुसरे अंग शोधतात. म्हणून तिकडच्या लोकांना आता शिकवले आहे की, रानात मेलेले माकड किंवा वानर दिसले तर जवळ जायचे नाही, हात लावायचा नाही आणि आरोग्य खात्याला व वनखात्याला लगेच कळवायचे.

या तापावर नेमके औषध नाही. ताप येतो त्यांतले शंभरात तीन-पाच दगावतात. बाकीचे बरे होतात, पण त्यांना वेळीच रुग्णालयात नेऊन पाणी, सलाईन, काळजी मिळावी लागते. एक गोष्ट बरी की, एका माणसापासून दुसऱ्याला तो होत नाही. तेव्हा अशा घराला वाळीत टाकायचे काही कारण नाही. कर्नाटकात यावर पूर्वी लस देत असत. तिचा गुण पुरेसा येत नाही असे दिसल्यामुळे २०२२ साली ती थांबवली, आणि नवीन लशीचे काम हाती घेतले गेले. तोपर्यंत गोचीड अंगाला लागू न देणे हेच औषध.

भगिनींनो, माकडताप हा काही आपल्या जुन्नर-आंबेगावचा आजार नव्हे, हे मी स्पष्ट सांगते. उद्या वेशीतल्या वानरांना कोणी दगड मारू लागले तर ते पाप माझ्या माथी नको. पण त्या गावांत आजार शिरला तो कोणत्या वाटेने, हे पाहिले म्हणजे आपली वाट आठवते. डिसेंबरपासून मेपर्यंत त्याचा जोर असतो, कारण तेव्हा पाचोळ्यात गोचिडाची बारीक पिल्ले वळवळत असतात आणि त्याच दिवसांत लोक लाकूडफाटा आणायला, पाला गोळा करायला रानात जातात. आपल्या पश्चिमेच्या पट्ट्यातल्या, भीमाशंकर, आहुपे, नाणेघाटाकडच्या बहिणी याच महिन्यांत भाताच्या राबासाठी पालापाचोळा गोळा करतात, डोक्यावर भारे आणतात, हिरडा वेचतात. पूर्वेच्या आम्ही कांदा लावतो, खुरपतो, गवत कापतो. आमच्या शेतात खतासाठी धनगरांची मेंढरे बसतात. गोचिडाला बसायला जागा हवी आणि माणसाचे अंग जवळून जायला हवे. दोन्ही आपल्याकडे आहे.

आता आपल्या दारातला धोका सांगते. आपल्याकडे बिबट्याची भीती किती, ते बाहेरच्यांना सांगावे लागते, तुम्हांला नाही. उसात तो, विहिरीत तो, अंगणात तो. माणिकडोहला त्यांच्यासाठी निवारा केंद्र काढावे लागले. या भीतीने आपण काय करतो? रात्री शेळ्या-करडे पडवीत घेतो आणि कुत्रेही आत घेतो. त्यात आपले चुकले असे कोणी म्हणणार नाही, मुके जनावर बाहेर ठेवून त्याचा घास होऊ द्यायचा काय? पण कुत्र्याबरोबर त्याचा गोचीडही घरात येतो. कुत्र्यावरचा तांबूस गोचीड हा घरात राहणाराच आहे. तो भिंतीवर चढतो, खाटेच्या सांध्यात, चौकटीच्या फटीत लपतो, आणि कुत्रे मिळाले नाही तर माणसालाही धरतो. त्याच्या पोटात रिकेट्सिया नावाचे जंतू असू शकतात. त्यांच्यापासून जो ताप येतो त्याला डॉक्टर लोक इंडियन टिक टायफस म्हणतात. टायफस म्हणजे आपला टायफॉईड नव्हे बरे का, नावे सारखी वाटली तरी आजार दोन निराळे.

हा ताप मी डोळ्यांनी पाहिला आहे. माझ्या धाकट्या जावेला तो झाला. दिवस कांद्याच्या लागणीचे, बायकांची सावड चाललेली, आज आपल्या शेतात तर उद्या दुसरीच्या. तिला ताप भरला, कपाळ फुटेल असे डोके दुखे. पण सावड मोडायची कशी? दुसऱ्या बाया आपल्या शेतात राबून गेल्या, आता त्यांच्या शेतात आपण गेले पाहिजे. ती दुकानातली गोळी घेऊन जात राहिली. चौथ्या दिवशी मनगटावर आणि घोट्याजवळ तांबडे ठिपके उठले. शेजारणी म्हणाल्या, उन्हात बसून अंगावर उष्णता उठली आहे, सब्जाचे पाणी दे. एका दवाखान्यात नेले, तिथे काही न विचारता सुई टोचली, सलाईन लावली आणि संध्याकाळी घरी धाडले. सहाव्या दिवशी ती उभी राहीना, बोलणे तुटक होऊ लागले. तेव्हा घरच्यांनी जीप करून मोठ्या रुग्णालयात नेले.

तिथे एका तरुण डॉक्टरांनी तिचे हात उलटे करून तळवे पाहिले, मग पायांचे तळवे पाहिले. ठिपके तळव्यांवरही होते. त्यांनी विचारले, घरात कुत्रे आहे का? गुरे आहेत का? आठ-पंधरा दिवसांत गोचीड चावला होता का? जाऊ काही बोलेना. डॉक्टर बाहेर गेल्यावर माझ्या कानाशी म्हणाली, "ताई, परकराच्या नाडीखाली एक निघाला होता. मीच ओढून काढला. पण त्यांना कसं सांगू?" मी नर्सबाईंना सांगितले, नर्सबाईंनी डॉक्टरांना सांगितले. त्याच रात्री योग्य औषध सुरू झाले. दोन दिवसांत ताप उतरला. चालायला लागायला महिना गेला, पण माणूस हाताला लागले. औषध काही दुर्मिळ नव्हते. डॉक्सिसायक्लिन नावाच्या साध्या, स्वस्त गोळ्या, कुठेही मिळणाऱ्या. अडले होते ते औषधावाचून नव्हे, एका प्रश्नावाचून आणि त्याच्या उत्तरावाचून.

या प्रसंगावर मी पुष्कळ विचार केला आहे. गोचीड नेमका कुठे चिकटतो? काखेत, जांघेत, छातीखाली, गुडघ्यामागे, कानामागे, केसांत, परकराची नाडी बांधतो तिथे. म्हणजे जिथे बाईमाणूस परक्या पुरुषाला बोट ठेवून दाखवत नाही तिथे. शिवाय बाईचा ताप घरात सर्वांत शेवटी मोजला जातो. गडी तापला तर दवाखाना, पोर तापले तर दवाखाना, बाई तापली तर "उतरेल की उद्या." आणि हे दुसरे कोणी म्हणत नाही, आपण आपल्या तोंडानेच म्हणतो. या तापात पहिले पाच-सहा दिवस सोन्याचे असतात. ते गेले तर जंतू रक्तवाहिन्यांना इजा करतात आणि मग मेंदू, फुप्फुसे, मूत्रपिंड यांवर येते. लाज आणि सावड यांत ते दिवस घालवायचे नाहीत, एवढे आज इथून घेऊन जा.

आणखी दोन गोष्टी थोडक्यात सांगते. गोचिडाचाच सगेसोयरा असलेला, अगदी बारीक एक जीव गवत-झुडपांत असतो. त्याच्या पिल्लाच्या चाव्याने स्क्रब टायफस नावाचा ताप येतो. २०१८ साली पावसाळ्यात नागपूरकडे त्याची साथ आली होती. त्यात चाव्याच्या जागी विडीचा चटका लागावा तशी काळी खपली पुष्कळदा दिसते, आणि ती दुखत नाही म्हणून कोणी बघत नाही. त्यालाही वर सांगितलेल्याच गोळ्यांचा गुण येतो, मात्र त्या डॉक्टरांनी दिल्या पाहिजेत.

दुसरी गोष्ट काँगो तापाची. २०११ च्या जानेवारीत गुजरातेत, अहमदाबाद जिल्ह्यातल्या कोलाट गावातली एक बाई या तापाने गेली, आणि तिची सेवा करणारे डॉक्टर व परिचारिकाही गेल्या. भारतात हा आजार माणसात निश्चित ओळखला गेला तो तेव्हा, आणि ओळखला तो पुन्हा आपल्या पुण्याच्याच संस्थेने. याचा विषाणू गुरामेंढरांच्या रक्तात काही दिवस असतो, पण जनावर आजारी दिसत नाही. माणसाला तो गोचिडाच्या चाव्याने होतो, जनावर कापताना त्याच्या रक्ताने होतो, आणि गोचीड बोटांनी चिरडला तर त्यातून उडालेल्या रक्तानेही होऊ शकतो. २०२० साली पालघर जिल्ह्यात सरकारने लोकांना याविषयी सावध केले होते. म्हणून सुरुवातीला मी जे म्हटले, की आपण गोचीड नखात धरून चिरडतो, ती सवय आजपासून बंद.

मग काढायचा कसा? नीट ऐका, कारण प्रत्येक घरात याचे निराळे शास्त्र आहे. कोणी रॉकेल लावते, कोणी चुना लावते, कोणी विडीचा चटका देते. यातले काही करायचे नाही. असा त्रास दिला की गोचीड आपल्या पोटातले परत जखमेत ओकू शकतो, म्हणजे जे टाळायचे तेच होते. बारीक टोकाचा चिमटा घ्यावा. भुवयांचा असतो तो चालतो. गोचिडाला कातडीच्या अगदी लगत, तोंडाजवळ धरावे, फुगलेल्या पोटावर दाब देऊ नये. मग न पिळता, न झटकता, सरळ वर सावकाश ओढावे. चिमटा नसेल तर हाताला प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळून धरावे. तोंडाचा बारीक तुकडा आत राहिलाच तर सुईने उकरत बसू नये. जागा साबणाने खळखळून धुवावी, हातही धुवावेत. काढलेला गोचीड साबणाच्या दाट पाण्यात बुडवून मारावा किंवा चिकटपट्टीत गच्च बंद करावा. आणि शेवटचे, भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेला "गो" एवढे अक्षर लिहावे. आपण दुधाचा रतीब, गॅसची टाकी, गाईची रेतनाची तारीख लिहितो ना, तसेच. पुढच्या दोन आठवड्यांत ताप आला, तर दवाखान्यात गेल्याबरोबर पहिले वाक्य हे सांगायचे की, "अमुक तारखेला गोचीड चावला होता." डॉक्टर विचारोत किंवा न विचारोत.

तापात अंगदुखीच्या गोळ्या दुकानातून मनाने आणू नका. यांतल्या काही तापांत रक्तस्राव होतो, आणि काही दुखण्याच्या गोळ्यांनी तो वाढतो. गोचीड चावला म्हणून ताप नसताना मनानेच औषधाच्या गोळ्या सुरू करणे हेही बरोबर नाही.

चावूच नये म्हणून काय करावे? रानात किंवा गवतात जाताना पूर्ण बाह्यांचा जुना सदरा चढवावा, पाय झाकावेत. अंगाला लावायची कीटक पळवणारी तेले व मलमे मिळतात, ती आरोग्य केंद्रात विचारून घ्यावीत. पाचोळ्यावर अंग टाकून विसावा घेऊ नये. पाल्याचा भारा घरात आणून टाकू नये. परत आल्यावर नेसूचे कपडे उन्हात कडक वाळवावेत, शक्य तर गरम पाण्यात बुडवावेत. आणि संध्याकाळी अंघोळीच्या वेळी पाच मिनिटे अंग तपासावे. स्वतःची पाठ आणि केस स्वतःला दिसत नाहीत. तिथे सासूने सुनेचे, जावेने जावेचे, आईने लेकीचे पाहावे. मुलांच्या कानामागे आणि केसांत रोज पाहावे. उवा बघताना आपण तासभर उन्हात बसतो, त्यातलीच पाच मिनिटे इकडे द्यावीत. गोचीड जितका लवकर निघेल तितका धोका कमी, म्हणून ही रोजची नजर सर्वांत मोलाची.

गोठ्याकडेही पाहिले पाहिजे, कारण मूळ तिथे आहे. आपल्या गावरान गाईची कातडी गोचिडाला पुरून उरते, पण संकरित गाईला तो फार जाचतो. तिला थायलेरियाचा ताप येतो, लघवी लाल होणारा आजार होतो, दूध आटते, गाभण असली तर गाभडतेही. म्हणजे गोचीड माणसाला सोडून देईल तेव्हाही घराच्या संसाराचे रक्त पितच असतो. गोठ्याच्या भिंतीच्या फटी सिमेंटाने किंवा मातीने लिंपाव्यात, शेणकूर साचू देऊ नये, भिंतींना चुना मारावा. मोकळ्या कोंबड्या गोठ्यात फिरल्या तर गोचीड टिपतात. औषध मारायचे ते जनावरांच्या डॉक्टरांना विचारून मारावे, आणि जनावराबरोबर फटींतही मारावे, नाहीतर अंडी फुटून पुन्हा तेच. एकदा मारून भागत नाही, डॉक्टर सांगतील तितक्या दिवसांनी पुन्हा मारावे लागते. हातात मोजे, तोंडाला फडके हवे. त्या औषधानंतर किती दिवस दूध वापरायचे नाही, हे विचारल्याशिवाय डॉक्टरांना वाटेला लावू नये. कुत्र्यालाही गोचिडाचे औषध द्यावे. रात्री त्याला आत घ्यायचे तर अंथरुणांपासून लांब, त्याच्या पोत्यावर झोपवावे आणि पोते आठवड्याने उन्हात टाकावे.

शेवटी एका बाईची हकीगत सांगते. ती सातासमुद्रापलीकडची आहे, पण मला ती आपल्यातलीच वाटली. अमेरिकेत कनेटिकट राज्यात लाइम नावाचे लहानसे गाव आहे. तिथे पॉली मरे नावाची एक चार मुलांची आई राहत होती. तिचे आणि तिच्या मुलांचे सांधे सुजत, अंगावर चट्टे उठत, ताप येई. डॉक्टरांना काही उमगत नसे. तिने गप्प न बसता वहीत नोंदी केल्या. कोणाला काय होते, कधी होते. मग शेजारपाजारच्या घरांतली तशीच दुखणी टिपली. १९७५ साली ती आणि तिच्यासारखीच दुसरी एक आई, दोघींनी आरोग्य अधिकाऱ्यांकडे आणि विद्यापीठाच्या डॉक्टरांकडे ही गोष्ट नेली. त्यांनी शोध घेतला तेव्हा तो गोचिडापासून होणारा आजार निघाला, आणि त्या गावावरून त्याचे नाव लाइम पडले. पुढे काही वर्षांनी त्याचे जंतूही सापडले. तो थंड मुलखातला आजार आहे, त्याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही. पण शास्त्रज्ञांच्या आधी ज्याची चाहूल लागली, ती घरात बसून वही लिहिणाऱ्या आईला लागली, हे आपण ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

म्हणून मंडळापुढे मी तीन सूचना मांडते. पहिली, मंडळाच्या खर्चाने प्रत्येक गावच्या शाखेला एक चांगला बारीक टोकाचा चिमटा घेऊन द्यावा, आणि तो वापरायचा कसा हे आशाताईंकडून सर्वांनी शिकून घ्यावे. दुसरी, प्रत्येक शाखेने एक वही ठेवावी. तापाबरोबर अंगावर ठिपके उठलेली बाई किंवा मूल गावात दिसले, तर तारीख टिपावी आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवावे. एका गावात दोन-तीन अशा नोंदी झाल्या, तर डॉक्टरांना वाट सापडते. तिसरी, जिला दवाखान्यात बोलायची लाज वाटते तिच्याबरोबर मंडळाच्या एकीने जावे आणि तिच्या वतीने ते एक वाक्य बोलावे. सावडीत आपण एकमेकींचे कांदे लावतो, तर एकमेकींच्या दुखण्यातही सावड का नसावी? आजारी बाईच्या वाटणीचा दिवस बाकीच्यांनी भरून काढावा, म्हणजे तिला ताप अंगावर काढून शेतात यावे लागणार नाही.

या सूचना आपल्याला पटल्या तर अध्यक्षबाईंनी त्या ठरावात घ्याव्यात, अशी माझी विनंती आहे.